बायबलचे निर्दोषत्व

बायबल मूळ लिखाणात पूर्णतः निर्दोष असून श्रद्धा व आचरण यांबाबत त्याचाच अधिकार अंतिम, असा ख्रिस्ती सिद्धान्त. तो मुख्यतः प्रॉटेस्टंट इव्हँजेलिकल मंडळ्यांत प्रभावी आहे. १९७८च्या शिकागो निवेदनात त्याची सविस्तर मांडणी झाली. ‘मूळ लिखाणात’ ही अट कळीची. नकलनविसांच्या चुका व भाषांतरातील दोष तिच्यामुळे सिद्धान्ताबाहेर राहतात. मूळ हस्तलिखिते मात्र आज उपलब्ध नाहीत, हा टीकाकारांचा आक्षेप वजनदारच म्हणावा लागेल. महाराष्ट्रात यवतमाळ शहरी बायबलच्या अधिकारावर भर देणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३मध्ये सुरू झाली. १९८३मध्ये ती पुण्याला हलली. ही सेमिनरी सुरू होण्यापूर्वीच पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केडगाव येथे संपूर्ण बायबल मराठीत आणले होते.