सतरा सप्टेंबर : एका तारखेची दोन पाने

१५ ऑगस्ट १९४७ ला देशभर तिरंगा फडकला, तेव्हा आमचा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या १६ जिल्ह्यांपैकी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी मुलखातले. तिथे स्वातंत्र्य पोचायला आणखी तेरा महिने लागले.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ तारखेला निजाम मीर उस्मान अली खान यांनी युद्धबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी त्यांचे सेनापती एल एद्रूस मेजर जनरल चौधरी यांना शरण आले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली तुरुंग भोगलेल्या, लाठ्या खाल्लेल्या माणसांच्या कष्टांचे चीज झाले.

हा लढा हिंदूंचा मुसलमानांशी होता, असे कोणी म्हणाले की मला शोएबउल्ला खान आठवतात. हैदराबादच्या ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे हे तरुण संपादक. संस्थानाने भारतात सामील व्हावे, असे ते उघडपणे लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांचा खून केला, हातही तोडला. मुक्तीला तेव्हा महिनाही उरला नव्हता.

या तारखेचे दुसरे पान आपण सहसा उलटत नाही. रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली, हे खरेच. पण फौजा आल्यानंतर त्याचा सूड निरपराध मुसलमानांवर उगवला गेला. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना चौकशीला धाडले. उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचे त्यांना आढळले. मृतांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्धच झाला नाही. हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवल्याची नोंदही त्यात आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. पाचांचे आज आठ जिल्हे झाले आहेत.

मी मुसलमान, कविता मराठीत लिहितो. सतरा सप्टेंबरचे झेंडावंदन माझेही आहे. त्या वेळी मी शोएबउल्लांना आठवतो, विनाकारण मारले गेलेल्या सर्वांना आठवतो, आणि दार उघडून शेजाऱ्याला आत घेणाऱ्या त्या अनामिकांनाही. मुलांना गोष्ट सांगताना ती एवढी पुरी सांगावी, इतकेच मागणे.