वगळलेलं गाणं

मागच्या महिन्यात पुण्याहून मुलीचा फोन आला. ती रेकॉर्डच्या दुकानात उभी होती. "अब्बा, बडे अब्बांना पासष्टी पूर्ण झाली म्हणून क्वीनची तबकडी घेतेय. पण इथं 'ग्रेटेस्ट हिट्स' एक आहे, दोन आहे आणि तिन्ही भाग मिळून एक मोठा संचही आहे. कुठली घेऊ?"

मी म्हणालो, "आज राहू दे. उद्या सांगतो."

प्रश्न साधा होता, पण नेमक्या त्याच दिवशी माझ्या टेबलावर माझीच चाळीस वर्षांची वह्या-कागदं पसरलेली होती. 'निवडक कविता' काढायच्या ठरल्या होत्या. चारशेतल्या साठ ठेवायच्या, बाकीच्या बाजूला करायच्या. निवड म्हणजे काय असते, हे मला त्या आठवड्यात चांगलंच कळत होतं. म्हणून मुलीला उत्तर देण्याआधी या निवडक गाण्यांच्या तबकड्यांचा इतिहास आठवून पाहिला. तोच आज तुम्हाला सांगतो.

'ग्रेटेस्ट हिट्स' हा प्रकार रूढ केला तो १९५८ साली अमेरिकेत निघालेल्या जॉनी मॅथिस या गायकाच्या तबकडीनं. आधी सुटी सुटी गाजलेली गाणी एकत्र बांधली आणि वर नाव दिलं, 'जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स'. ती तबकडी अमेरिकेच्या खपाच्या यादीत नऊ वर्षांहून अधिक काळ राहिली. एकदा विकलेला माल पुन्हा विकता येतो, हे रेकॉर्ड कंपन्यांना त्या दिवशी समजलं.

पण विक्रीचा तो हिशेब पुढे इतिहास होऊन बसतो, त्याचं एक उदाहरण पाहा. ईगल्स या अमेरिकी बँडची १९७१ ते १९७५ या काळातली निवडक गाणी १९७६ च्या फेब्रुवारीत निघाली. २०१८ साली अमेरिकेतला तिचा अधिकृत आकडा ३ कोटी ८० लाखांवर गेला. आणि त्या तबकडीत 'हॉटेल कॅलिफोर्निया' नाही! कसं असणार? त्या नावाचा अल्बम आला १९७६ च्या डिसेंबरात. ज्या गाण्यानं जग ईगल्सना ओळखतं, ते त्यांच्या सर्वाधिक खपलेल्या निवडीत नाही. निवड करणाऱ्याला उद्याचं दिसत नसतं.

आता क्वीनकडे येतो. हा बँड लंडनचा, १९७० साली जमलेला. गायक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवर ब्रायन मे, ड्रमवर रॉजर टेलर. बास वाजवणारा जॉन डीकन १९७१ साली आला. यातल्या मर्क्युरीचं मूळ नाव फारुख बलसारा. जन्म १९४६ चा, झांझिबारमधला, पारशी घरातला. आठ-नऊ वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला शिकायला पाठवलं ते आमच्या पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेत. तिथं तो पियानो शिकला, तिथंच मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड काढला आणि तिथंच फारुखचा फ्रेडी झाला. १९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती झाली तेव्हा हे कुटुंब इंग्लंडला गेलं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

मी वाईचा. पसरणीचा घाट चढला की पाचगणी. माझे थोरले भाऊ, म्हणजे आमचे भाईजान, पाचगणीच्या एका हॉटेलात कामाला होते. तिथं उतरलेल्या कुणा मुंबईकर पाहुण्यानं त्यांना क्वीनची एक कॅसेट दिली आणि ते गाणं घाट उतरून आमच्या घरी आलं. गाणारा माणूस त्याच पाचगणीत वाढला, हे आम्हाला त्या वेळी माहीत नव्हतं. १९९१ साली तो वारल्यावर वर्तमानपत्रात वाचलं.

क्वीनचा पहिला 'ग्रेटेस्ट हिट्स' १९८१ साली निघाला. इंग्लंडच्या आवृत्तीत सतरा गाणी. निवडीची कसोटी सरळ दिसते: जे खपाच्या यादीत वर गेलं ते आत. म्हणून त्यांचं पहिलं सुटं गाणं, १९७३ सालचं 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह', त्यात नाही. इंग्लंडच्या यादीत ते चढलंच नव्हतं. अमेरिकेच्या आवृत्तीत मात्र ते आहे, आणि डेव्हिड बोवीबरोबरचं, त्या वेळी अगदी ताजं असलेलं 'अंडर प्रेशर'ही आहे. एकच बँड, एकच वर्ष, एकच नाव आणि दोन देशांत दोन याद्या.

क्रमही पाहण्यासारखा आहे. सुरुवात 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'नं, म्हणजे १९७५ सालापासून. त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं, 'सेव्हन सीज ऑफ राय', १९७४ चं. ते शेवटून तिसरं. निवडीनं काळ मोडला आणि नवा काळ रचला. तीच तबकडी ऐकत वाढलेल्या माणसाच्या मनात क्वीनचा इतिहास त्याच क्रमानं बसतो.

आणखी एक हिशेब मी वहीत मांडून पाहिला. त्या सतरा गाण्यांपैकी दहा मर्क्युरीनं लिहिलेली, पाच मेची, दोन डीकनची. टेलरचं? एकही नाही. जगातली उरलेली सगळी माहिती नष्ट झाली आणि ही एकच तबकडी राहिली, तर पुढचा इतिहासकार लिहील, 'या बँडचा ड्रम वाजवणारा गाणी लिहीत नसे.' पण १९८४ साली आलेलं 'रेडिओ गा गा' टेलरचंच. रेडिओवर माया असलेल्या माणसानं रेडिओसाठी लिहिलेलं गाणं! १९९१ च्या ऑक्टोबरात दुसरा 'ग्रेटेस्ट हिट्स' निघाला, त्याचं पहिलंच गाणं, 'अ काइंड ऑफ मॅजिक', तेही टेलरचं. दहा वर्षांनी का होईना, निवडीनं आपली चूक दुरुस्त केली. त्यानंतर महिन्याभरात, २४ नोव्हेंबरला, मर्क्युरी एड्सनं गेला. त्याचा अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केला. त्याच्या गाजलेल्या गाण्यांत जे फारसं कधी आलं नाही, ते शेवटच्या दिवशी आलं.

रेडिओचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे जवळजवळ सहा मिनिटांचं गाणं. इतकं लांबलचक गाणं कोण वाजवणार, अशी कंपनीतल्या लोकांना धास्ती होती. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरच्या केनी एव्हरेटनं ते शनिवार-रविवारी मिळून चौदा वेळा वाजवलं, असं सांगतात. गाणं इंग्लंडात नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. म्हणजे ती निवड आधी केली ती एका निवेदकानं.

याच गाण्यात एक शब्द आहे, 'बिस्मिल्ला'. आमच्या घरात टेपरेकॉर्डरमधून तो पहिल्यांदा बाहेर पडला तेव्हा अब्बा आतल्या खोलीतून उठून आले. ते उर्दू शाळेत शिक्षक. "हे कोण म्हणतंय?" भाईजाननी घाबरत कॅसेट मागं नेली, पुन्हा लावली. अब्बांनी उभ्या उभ्या ऐकलं. मग विचारलं, "पुढं काय म्हणतोय तो?" आमचं इंग्रजी तेवढं नव्हतं. आम्ही गप्प. तेव्हा अब्बाच म्हणाले, "अल्लाचं नाव घेतलंय, म्हणजे पोरगा अडचणीत असणार." आणि आत निघून गेले.

त्यानंतर कित्येक वर्षांनी, २००४ साली, एक बातमी वाचली. १९७९ च्या क्रांतीनंतर इराणमध्ये पाश्चात्त्य संगीतावर बंदी होती. तिथं ऑगस्टमध्ये सरकारी परवानगीनं क्वीनची निवडक गाणी कॅसेटवर निघाली. अशी परवानगी मिळालेला हा पहिला रॉक बँड. तेहरानच्या निवडीत प्रेमगीतं वगळली होती. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ठेवलं होतं आणि सोबत खुलाशाचं पत्रकही होतं. त्यात म्हटलं होतं, की हा एक तरुण आहे, त्याच्या हातून चुकून खून झाला आहे, त्यानं आपला आत्मा सैतानाला विकला आहे आणि फाशीच्या आदल्या रात्री 'बिस्मिल्ला' म्हणून तो देवाला हाक मारतो आहे. मला अब्बांची आठवण झाली. पत्रक न वाचता ते तिथंच पोहोचले होते.

त्या बातमीवर मी आधी हसलो, मग थांबलो. मर्क्युरीचे पूर्वज इराणमधून आलेले, त्यामुळे तिथल्या तरुणांना तो आपला वाटत होता. पण त्याला आत घेताना त्याचं प्रेम दाराबाहेर ठेवावं लागलं. निवड करणाऱ्यानं गाणाऱ्याबद्दल थोडंच सांगितलं, स्वतःबद्दल पुष्कळ. आणि हे तेहरानपुरतं नाही. २०२३ साली लहान मुलांच्या एका ध्वनियंत्रासाठी हाच १९८१ चा संग्रह काढला गेला, तेव्हा त्यातून 'फॅट बॉटम्ड गर्ल्स' गाळलं गेलं. कारण वेगळं, पण कात्री तीच.

हे दुसऱ्यांचं झालं. माझ्या कात्रीची गोष्ट राहिलीच.

१९८६ साली भाईजान नोकरीसाठी सौदीला निघाले. जाताना द्यायला म्हणून मी एक कॅसेट भरून घ्यायची ठरवली. त्या काळी गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट दिली की दुकानदार भरून द्यायचा. साताऱ्याच्या एका दुकानात नव्वद मिनिटांची कॅसेट दिली. एका बाजूला मेहदी हसन, दुसऱ्या बाजूला क्वीन. पंचेचाळीस मिनिटांत गाणी मावतात दहा-अकरा. मी सोळा वर्षांचा. मला दणदणीत गाणी हवी होती. 'लव्ह ऑफ माय लाइफ' हे संथ, विरहाचं गाणं मी यादीतून खोडलं. हे कोण ऐकणार, असं वाटलं.

दीड महिन्यानं जेद्दाहून पत्र आलं. खुशाली, पगार, उन्हाळा आणि शेवटी एक ओळ होती: 'कॅसेट रोज ऐकतो. तुझ्या आवडीची सगळी गाणी आहेत, माझ्या आवडीचं नाही.'

ते गाणं त्यांचं आवडतं होतं, हे मला माहीत होतं. ते माझ्यासमोर गुणगुणत असत. तरीही मी खोडलं. मोठेपणी वाचताना समजलं, की इंग्लंडच्या १९८१ च्या निवडीतही ते नाही. तिथं त्याची मैफिलीतली आवृत्ती १९७९ साली सुटी निघाली, ती पहिल्या पन्नासातही पोहोचली नाही. पण १९८१ सालीच हा बँड ब्युनोस आयर्स आणि साओ पाउलोला गेला, तेव्हा हजारो लोक मैदानात उभे राहून तेच गाणं गात होते आणि मर्क्युरी ऐकत होता. लंडनच्या यादीत ते हरलं, तिथं जिंकलं. घरापासून लांब असलेल्या माझ्या भावालाही तेच हवं होतं.

आता टेबलावरच्या माझ्या कवितांकडे या. माझी एक कविता आहे, १९९३ सालच्या जानेवारीवरची. प्रातिनिधिक संग्रह निघाला की संपादकांचं पत्र येतं आणि तीच कविता मागितली जाते. पावसावरच्या, आईच्या चुलीवरच्या, कृष्णेच्या घाटावरच्या कविता कुणी मागत नाही. मुसलमान कवीकडून काय घ्यायचं, ते आधीच ठरलेलं असतं. याचा मला राग येतो. पण श्रोतेहो, त्या रात्री माझी स्वतःची साठ कवितांची यादी तपासली तर काय दिसलं? मीसुद्धा तीच कविता पहिल्या पानावर ठेवली होती. भाईजानवरची एक साधी कविता आहे, ते विमानाला निघाले त्या पहाटेची. ती मी बाजूच्या गठ्ठ्यात टाकली होती. तिची कुणी कधी दखल घेतली नाही म्हणून. म्हणजे इतरांच्या पसंतीची यादीच मी माझी म्हणून उतरवून काढली होती.

निवड टाळता येत नाही. नव्वद मिनिटांत सगळं मावत नाही, साठ पानांत मावत नाही. 'ग्रेटेस्ट हिट्स'नं लाखो अनोळखी घरांत क्वीनला पोहोचवलं. एकट्या ब्रिटनमध्ये २०२२ पर्यंत ७० लाख प्रती गेल्या. ते दार आहे आणि दार हवंच. फक्त दारालाच घर समजू नये. निवड हातात आली की दोन गोष्टी विचाराव्यात: ही कुणी केली, आणि बाहेर काय राहिलं?

दुसऱ्या दिवशी मुलीला फोन केला. म्हणालो, "१९८१ चा पहिला भाग घे. आणि त्याच्याबरोबर १९७५ चा 'अ नाइट अॅट द ऑपेरा' हा अख्खा अल्बमही घे. त्यात बडे अब्बांचं एक गाणं आहे."

"आणि तुम्ही काय देणार?" तिनं विचारलं.

मी कविता पुन्हा मांडल्या. १९९३ ची कविता संग्रहात आहे, तिची जागा आहे. पण ती आता सदतिसाव्या पानावर. पहिल्या पानावर विमानाची पहाट आहे.

वाढदिवसाच्या दिवशी भाईजाननी दोन्ही तबकड्या हातात घेतल्या. चष्मा लावून मागची यादी वाचली. पहिली खाली ठेवली, दुसरी वाचता वाचता बोट एका नावावर थांबलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चाळीस वर्षं लागली तुला."