हरवलेल्या पोरांची दफ्तरे

इतिहास म्हटला म्हणजे वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांस गडकोट, तह आणि लढाया यांची अपेक्षा असते. आमचे आयुष्य गिरणीच्या फाटकावर सभा घेण्यात गेले. त्यामुळे आमच्या वाट्यास आलेला इतिहास हजेरीपुस्तकांचा, नोंदवह्यांचा आणि अर्जांचा. त्यातलेच एक प्रकरण येथे मांडावयाचे आहे. घरातून नाहीसे झालेले मूल शोधून आणण्याचे काम सरकारने आपले केव्हा मानले, आणि एका कचेरीतला कागद दुसऱ्या कचेरीत पोचावयास किती वर्षे लागली, हा तो विषय. तो देशभराचा आहे. परंतु आम्ही तो वर्ध्यात उभे राहून पाहणार आहोत.

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपुरापासून वेगळा काढला गेला. पुलगावजवळचे कवठा हे त्याचे पहिले मुख्य ठाणे होते. १८६६ मध्ये ते पालकवाडीस हलवून आजचे वर्धा शहर वसविण्यात आले. पुढल्याच वर्षी मुंबईची रेल्वे नागपुरास पोचली. नंतर हिंगणघाट-वरोऱ्याकडे कोळशासाठी फाटा निघाला, आणि १९२९ च्या सुमारास बल्लारशा ते काझीपेठ हा तुटका दुवा सांधला जाऊन दिल्ली-मद्रास मार्ग सरळ झाला. मुंबई-हावडा आणि दिल्ली-मद्रास असे देशाचे दोन मोठे लोहमार्ग ज्या जिल्ह्यात एकमेकांस भेटतात, त्या जिल्ह्यातून निघालेले पोर दुसऱ्या दिवशी कोठे असेल याचा नेम राहत नाही. आणि चारी दिशांची पोरे येथे येऊन उतरतात. कापूस बाहेर गेला तो ज्या वाटेने, त्याच वाटेने ही पोरेही गेली.

रेल्वेपूर्वीची व्यवस्था गावापुरती होती. मूल हरवले की दवंडी पिटावयाची, विहिरी पाहावयाच्या, आणि गिरडच्या किंवा घोराडच्या यात्रेत चुकामूक झालेली असेल तर तेथल्या दुकानदारांना विचारावयाचे. मुकद्दम आणि कोतवाल ही सरकारची गावातली दोन टोके. मध्यप्रांतात कोतवाल दर आठवड्यास पोलीस ठाण्यावर जाऊन जन्ममृत्यूंची नोंद देत असे. जन्मलेल्याला रकाना होता, मेलेल्याला रकाना होता. जे जिवंत आहे पण हाती नाही, ते मूल कोणत्या रकान्यात लिहावयाचे, हा प्रश्न त्या वहीपुढे उभाच राहत नसे.

तो उभा केला दुष्काळांनी. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्यप्रांत होरपळून निघाला. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ साली चार लाखांवर थोडी होती. १९०१ च्या खानेसुमारीत ती ३ लाख ८५ हजारांवर आली. दुष्काळी कामांवर, अन्नछत्रांत, गरीबखान्यांत मुले आईबापांपासून तुटली. कोणाचे आईबाप मेले होते, कोणाचे दुसऱ्या तालुक्यात खडी फोडीत होते. परंतु पाच वर्षांच्या पोराला बापाचे नाव 'बा' याहून अधिक ठाऊक नसते. अशा मुलांवर चहूंकडून हात पडू लागले. पंडिता रमाबाई १८९७ मध्ये मध्यप्रांतात येऊन शेकडो मुली घेऊन गेल्या. लाला लजपतराय यांच्या पुढाकाराने आर्य समाजाने येथली अनाथ मुले पंजाबातील अनाथालयांत नेली. मिशनऱ्यांची आश्रयगृहे होतीच. प्रत्येकाच्या मनात भूतदया होती, आणि प्रत्येकाला मूल आपल्याच पंथात वाढावे असेही वाटत होते. या ओढाताणीमुळे सरकारला नियम करणे भाग पडले. १९०१ च्या दुष्काळ आयोगाचे अध्यक्ष अँटनी मॅकडॉनेल हे पूर्वी आमच्याच प्रांताचे चीफ कमिशनर होते. लजपतरायांनी या आयोगापुढे साक्ष दिली. आधी मुलाचे नातेवाईक शोधावे. ते न मिळाल्यास मूल त्याच्या धर्माच्या माणसांकडे द्यावे. तेही पुढे न आले तरच इतरांकडे, असे धोरण त्यातून ठरले.

आमच्या मते सरकारी शोधकार्याचा आरंभ येथे आहे. 'आधी नातेवाईक शोधावे' हे वाक्य आजच्या कायद्यातही निराळ्या शब्दांत आहे. परंतु शोधावयाचे कोणी? तहसीलदाराच्या हाताशी माणूस नव्हता, पैसा नव्हता, आणि शेजारच्या जिल्ह्याशी बोलण्याचे साधन म्हणजे टपाल. मुलाला लाहोरच्या गाडीत बसविणे सोपे होते, त्याच्या बापाला हिंगणघाट तालुक्यात हुडकणे अवघड होते. दयाळू माणसांनी सोपे ते केले.

यानंतरची वीसपंचवीस वर्षे आम्ही झपाट्याने ओलांडतो. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये, मुंबईने १९२४ मध्ये मुलांसाठी कायदे केले. मध्यप्रांताचा कायदा १९२८ चा. मुंबईत १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली आणि डोंगरीचे बालगृह भटक्या मुलांच्या बोलण्यात येऊ लागले. या सर्व कायद्यांची नजर मात्र एका विशिष्ट मुलावर होती: रस्त्यावर सापडलेल्या. त्याला पकडावयाचे, न्यायाधीशापुढे उभे करावयाचे, सुधारगृहात ठेवावयाचे. ज्या घरातून ते निघाले त्या घराकडे पाहणारा कायदा नव्हता. सापडलेल्या मुलाचे दफ्तर एका खात्यात आणि हरवलेल्या मुलाचे दफ्तर दुसऱ्या खात्यात, ही फाळणी तेव्हापासूनची आहे.

फाळणी या शब्दावरून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९४७ च्या संहारात पळविल्या गेलेल्या स्त्रिया व मुले परत आणण्यासाठी भारत व पाकिस्तान यांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात करार केला, आणि १९४९ मध्ये आपल्या संसदेने त्यासाठी कायदा केला. सोळा वर्षांखालील मुलगे त्यात येत. मृदुला साराभाई यांनी या कामास वाहून घेतले. ज्या बायकांना परत यावयाचे नव्हते त्यांनाही त्या कायद्याने ओढून आणले, हा त्याचा मोठा दोष. पण दोन शत्रुराष्ट्रांचे पोलीस एकमेकांच्या याद्या घेऊन एकत्र फिरू शकतात, हेही त्याने दाखविले. एकाच राज्यातली दोन ठाणी तसे का करू शकत नाहीत, हा प्रश्न आम्हांस त्या कायद्याचा मजकूर प्रथम वाचला तेव्हापासून छळतो आहे.

स्वातंत्र्यानंतर वर्धा जिल्हा चार वर्षांत तीन राज्यांत नांदला: १९५६ पर्यंत मध्यप्रदेश, मग द्वैभाषिक मुंबई, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. कायदे मात्र राज्यागणिक वेगळेच राहिले. शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये साऱ्या देशास एक कायदा असावा असे सुचविले, आणि त्याच वर्षी बाल न्याय कायदा झाला. त्याआधीच्या काळात वर्ध्याहून पळालेला मुलगा इटारसीला सापडला तर एका कायद्याखाली, दादरला सापडला तर दुसऱ्या. बापाने काय करावे? वर्तमानपत्रात फोटो छापावा आणि खाली लिहावे की बाळ, घरी ये, कोणी रागावणार नाही. पुढे मुंबई दूरदर्शनवर 'आपण यांना पाहिलंत का?' सुरू झाले. एकामागून एक मुके चेहरे पडद्यावर येत, आणि घराघरांतून बायका हातातले काम थांबवून पाहत. आमच्या मते सरकारने या विषयात केलेली ती पहिली गोष्ट, जी सामान्य माणसाला आपली वाटली.

तेवढ्यात कोल्हापूरचे प्रकरण घडले. १९९० ते १९९६ या सहा वर्षांत एका आईने व तिच्या दोन मुलींनी पुणे, नाशिक, कोल्हापूर, ठाणे भागांतून तेरा मुले पळविली आणि त्यांतील अनेकांना ठार केले. या शहरांची ठाणी एकमेकांपासून एका रात्रीच्या एस. टी. प्रवासावर होती. प्रत्येक ठाण्यात एकेक कागद होता. ते सारे एका टेबलावर यावयास सहा वर्षे लागली. याच प्रकरणात पुढे दयेच्या अर्जाची फाईल सरकारदरबारी इतकी रेंगाळली की, २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या विलंबावर बोट ठेवून दोघी बहिणींची फाशी रद्द केली व जन्मठेप दिली.

दिल्लीजवळच्या नोएडात निठारी गाव आहे. तेथल्या मजुरांची मुले नाहीशी होत होती, आणि आईबाप ठाण्यावर खेटे घालीत होते. डिसेंबर २००६ मध्ये एका बंगल्यामागच्या नालीत हाडे सापडली, तेव्हा देश हादरला. पहिला तपासच इतका कच्चा की, २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. निठारीनंतर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने समिती नेमली. देशात वर्षाला सरासरी ४४ हजार मुले हरवल्याची नोंद होते आणि ११ हजारांचा पत्ता लागत नाही, असे तिने सांगितले. 'बचपन बचाओ आंदोलन' या संस्थेने ३९२ जिल्ह्यांतून माहिती गोळा केली. २००८ ते २०१० या काळात तेथे १,१७,४८० मुले हरवली आणि ४१,५४६ मिळाली नाहीत, असा तिचा हिशेब. या संस्थेच्या याचिकेवर १० मे २०१३ रोजी सरन्यायाधीश अल्तमस कबीर यांच्या खंडपीठाने आदेश दिला, तो या इतिहासातला खरा वळणबिंदू होय. हरवलेल्या प्रत्येक मुलाबाबत गुन्हा नोंदवावा. मूल पळविले गेले वा विकले गेले असे धरूनच तपास सुरू करावा. चार महिन्यांत ते न मिळाल्यास प्रकरण मानवी वाहतूक विरोधी पथकाकडे द्यावे.

'गुन्हा नोंदवावा' या दोन शब्दांचे मोल ज्याला ठाण्याच्या बाकावर बसावे लागले त्यालाच कळेल. पूर्वी 'मिसिंग'ची रपट घेत आणि ती वहीत निजत असे. आमच्या संघटनेतील एका कामगाराचे पोर असेच गेले. नातेवाइकांकडे पाहा, दोन दिवसांनी या, असे त्याला सांगण्यात आले. दोन दिवसांनी गेला तेव्हा साहेब बंदोबस्तावर होते. प्रत्येक फेरीस एक खाडा पडे. चौथ्या खाड्यास मुकादमाने दुसरा माणूस लावला. पोर अठराव्या दिवशी आपणहून परत आले, नोकरी परत आली नाही. आम्ही ही गोष्ट तक्रार म्हणून सांगत नाही. गरिबाच्या मुलाचा शोध किती दिवस चालेल हे बापाच्या मजुरीवर ठरते, आणि ज्या सरकारी योजनेला हे दिसत नाही ती अर्धीच राहते, एवढेच दाखवावयाचे आहे.

समन्वय हा सरकारी भाषेतला आवडता शब्द. त्याचा अर्थ पाहावयाचा तर वर्धा स्टेशनावर जावे. फलाटावरचा रेल्वे सुरक्षा बलाचा जवान केंद्राचा. त्याच फलाटावरचा लोहमार्ग पोलीस राज्याचा, त्याचे वरिष्ठ नागपुरास. स्टेशनाच्या पायऱ्या उतरल्या की शहर ठाण्याची हद्द. एकटे मूल या तिघांच्या मधून चालत जाते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने असे मूल चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे आणण्याचे बंधन घातले, आणि त्याच वर्षी रेल्वेने स्थानकांवरील मुलांसाठी कार्यपद्धती ठरविली. जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष आला, ठाण्यागणिक बालकल्याण पोलीस अधिकारी आला. कागदावर साखळी पुरी झाली.

तिच्या कड्या कशा जुळतात याची दोन उदाहरणे देतो. गाझियाबादच्या पोलिसांनी २०१४ मध्ये महिनाभर फक्त हेच काम केले आणि दोनशेहून अधिक मुले आणली. त्यावरून जानेवारी २०१५ मध्ये देशभर 'ऑपरेशन स्माईल' आणि जुलैत 'ऑपरेशन मुस्कान' निघाले. महाराष्ट्रात ही मोहीम पुढेही निघत राहिली. दुसरे दिल्लीचे. तेथे एप्रिल २०१८ मध्ये बालगृहांतील सुमारे ४५ हजार मुलांचे फोटो हरवलेल्यांच्या फोटोंशी यंत्राने ताडून पाहिले, आणि चार दिवसांत २,९३० मुलांची ओळख पटली. आम्हांस यंत्राचे कौतुक वाटले, पण त्याहून अधिक संताप आला. ही मुले सरकारच्याच छपराखाली जेवत होती! १९२० च्या दशकातली दोन दफ्तरे अजून एकमेकांस भेटली नव्हती.

आमच्या शेजारचेही एक उदाहरण आहे. २०११ साली नागपूर स्टेशनावर आठएक वर्षांचा एक मुलगा सापडला. त्याला धड बोलता येत नव्हते. नागपुरातल्या एका कुटुंबाने त्याला वाढविले. दहा वर्षांनी शाळेसाठी आधार कार्ड काढावयास गेले, तर बोटांचे ठसे आधीच नोंदलेले निघाले. घर जबलपूरचे होते. तो आपल्या आईबापांना भेटला. जबलपूर आणि नागपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होती, एका सचिवालयाखाली.

अधिकृत बातमी पोचत नाही तेथे अफवा पोचते. मुले पळविणारी टोळी आली अशा मोबाईलवरच्या निरोपावरून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ती पाच माणसे पोट भरावयास मंगळवेढ्याकडून आली होती. मुले विकणारे खरोखर असतात. पण ते झोळी घेऊन दारोदार फिरत नाहीत. ते कामाचा दलाल म्हणून येतात, बापाच्या हाती उचल ठेवतात, आणि पोराला तिकीट काढून गाडीत बसवितात. मुंबईच्या जरीच्या कारखान्यांत बिहारची मुले आली ती याच रीतीने.

१०९८ हा दूरध्वनी क्रमांक १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेतून, जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने मुंबईत सुरू झाला. वर्षानुवर्षे तो स्वयंसेवी संस्थांनी चालविला. २०२३ पासून तो सरकारने आपल्या हाती घेऊन ११२ शी जोडला. क्रमांक तोच आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने १ जुलै २०२४ पासून कोणत्याही ठाण्यावर, हद्द न पाहता, गुन्ह्याची खबर देण्याची सोय केली आहे. 'ही आमची हद्द नाही' हे उत्तर आता बेकायदा आहे. आमच्या सभांतून आम्ही कामगारांस सांगतो की, एकट्याने जाऊ नका, चारचौघे घेऊन जा. मुलाचा अलीकडचा फोटो आणि शाळेचा दाखला बरोबर ठेवा. प्रथम खबरी अहवालाची प्रत फुकट मिळते, ती हातात पडल्याशिवाय बाकावरून उठू नका. आणि तिच्यावरची तारीख नीट वाचा, कारण चार महिन्यांची मुदत तुम्हांला त्या तारखेवरूनच मागता येईल.