लाल भोपळा : घरगुती साठवण

लाल भोपळा (तांबडा भोपळा, डांगर) हे मूळच्या अमेरिका खंडातील कुकर्बिटा प्रजातीच्या वेलाचे फळ. टणक सालीमुळे पक्का भोपळा न चिरता दोन-तीन महिने, थंड हवेत त्याहूनही अधिक टिकतो. मात्र साठवणीचे यश जागेपेक्षा फळाच्या पक्वतेवर अवलंबून असते. कोवळे फळ कितीही जपले तरी सुरकुतते किंवा सडते.

पक्क्या फळाच्या सालीत नख रुतत नाही, तिची चकाकी गेलेली असते आणि देठ वाळून लाकडासारखा झालेला असतो. तोडताना ५ ते १० सेंमी. देठ फळालाच ठेवतात. देठ मोडला की त्या उघड्या जागेतून बुरशी आत शिरते, म्हणून भोपळा देठाला धरून कधीही उचलू नये. बाजारातही शाबूत देठाचाच निवडावा.

तोडलेले फळ सुमारे दहा दिवस २७°–२९° से. तापमानाच्या हवेशीर जागी ठेवल्यास साल आणखी कडक होते व बारीक ओरखडे भरून येतात. माती कोरड्या फडक्याने पुसावी. भोपळा धुऊ नये.

साठवणीस १०°–१३° से. तापमान आणि ५० ते ७० टक्के आर्द्रता उत्तम. महाराष्ट्रातील बहुतेक घरांत एवढा गारवा नसतो. तेथे सर्वांत थंड, कोरडा, अंधारा कोपरा निवडावा. अख्खा भोपळा फ्रिजमध्ये ठेवणे मात्र चूकच : १०° से.खालील थंडीने गराला इजा होते आणि फळ लवकर सडते. भोपळे फरशीऐवजी फळीवर किंवा पेंढ्यावर, एकमेकांना न टेकता ठेवावेत. पिकते आंबे व केळी इथिलीन वायू सोडतात, त्यांच्याजवळ ठेवू नयेत. कोकणात भोपळे, कोहळे, तवशी दोरीने आढ्याला टांगतात. ही पद्धत सर्वांत चांगली. फळाला चहूबाजूंनी हवा लागते आणि कोणतीही बाजू दबत नाही.

साठवणीत पिष्टाची साखर होते, त्यामुळे काही आठवडे मुरलेला भोपळा घारग्यांना अधिक गोड लागतो.

दर आठवड्याला फळे पाहावीत व मऊ पडलेले लगेच वेगळे काढावे. चिरलेली फोड बिया काढून, झाकून फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहते. गर कडू लागल्यास तो खाऊ नये; कडवटपणा कुकर्बिटॅसिन या विषारी द्रव्याचा असतो आणि शिजवल्याने जात नाही.