निरक्षर वार्धक्य आणि खानदेशचा इतिहास

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळे येथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले व त्यांनी जमविलेल्या कागदपत्रांस आश्रय मिळाला. निरक्षर वृद्धांच्या मुखातील वाङ्मयास मात्र तसा आश्रय नव्हता. जळगावच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) घरकाम व शेतकाम करता करता गाणी रचीत. त्यांपैकी काही पुत्र सोपानदेव व आप्तांनी टिपून ठेवली, एवढीच वाचली. १९५२ मध्ये संग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या हयात नव्हत्या. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. हा गौरव यथोचितच होय. परंतु त्याचे मूळ घरातल्या वृद्धेजवळ बसून ऐकणाऱ्यांच्या टिपणांत आहे. जे टिपले गेले नाही, ते त्यांच्याबरोबरच लोपले.