उस्तादाचे नाव

ताडकळस परिसरात लग्नकार्यानंतर शेजारच्या घरी गोंधळ असला, की आम्ही मुसलमानांची पोरेही घोंगडीवर जाऊन बसत असू. चौक मांडला जाई, दिवटी पेटे आणि संबळावर पहिली काठी पडताच झोप उडे. आम्ही नुसते ऐकत होतो. गोंधळ्याचा मुलगा मात्र शिकत होता. आधी दिवटी धरायची, मग तुणतुणे, मग बापामागे झील ओढायची. वही नाही, पाटी नाही. माहूरच्या रेणुकेचे रेणुराई असोत की तुळजापूरच्या भवानीचे कदमराई, विद्या उतरली ती घरातून घरातच. बोटांच्या खुणांनी नाव सांगणारी करपल्लवीही बघून बघूनच शिकायची.

हिंदुस्थानातून सुमारे हजार वर्षांपूर्वी पश्चिमेकडे गेलेल्या रोमा लोकांनी हीच रीत युरोपात जपली. त्यांच्या बोलीत आजही पाण्याला ‘पानी’ आणि कानाला ‘कान’च म्हणतात. हंगेरीतला रोमा व्हायोलिनवादक यानोश बिहारी (१७६४–१८२७) याला स्वरलिपी येत नव्हती. त्याच्या चाली दुसऱ्यांनी टिपून घेतल्या. पुढे १८५९ साली लिस्टने हंगेरीचे संगीत मुळात रोमांचे असल्याचे लिहिले, तर १९३१ साली बार्तोकने ते खोडून काढले. वाद विद्वानांनी घातला. रोमा वादक मांडवात वाजवत राहिले.

आपल्याकडे जेजुरीच्या सगनभाऊंनी, हत्यारांना धार लावणाऱ्या एका मुस्लिम शिकलगाराने, लावणीच्या शेवटी आपले नाव गुंफले. म्हणून १८१८ला पेशवाई बुडाली तरी सगनभाऊ उरले. परभणीच्या राजाराम कदमांचे नाव गोंधळामुळे महाराष्ट्राला कळले. पण गावोगावच्या कितीतरी गोंधळ्यांचे नाव त्यांच्या संबळाबरोबरच गेले.

आज गोंधळ शाळेच्या स्नेहसंमेलनात होतो, ध्वनिफीत ऐकून बसवला जातो. जरूर बसवावा, कला सोवळ्यात ठेवून टिकत नाही. मात्र आमचे खाँसाहेब उस्तादाचे नाव घेताना कानाला हात लावतात. कोणी कोणाकडून ऐकले, ही साखळी तपासल्याशिवाय हदीसही ग्राह्य मानली जात नाही. मग गोंधळ्याची चाल तेवढी बेवारस का? चाल उतरवून घेण्याआधी त्याचे नाव, गाव लिहून घ्यावे, आणि बिदागी त्याच्याच हातावर ठेवावी. शिकणाऱ्यावर एवढे कर्ज असतेच.