शिकारीची कथा आणि जप्तीचा हुकूम

मध्ययुगीन मोल्दावियाच्या अभ्यासाकडे वळणाऱ्याला पहिल्याच पावलावर एक शिकार भेटते. मारामुरेश या डोंगरी मुलखातला द्रागोश रानबैलाच्या मागावर कार्पेथियन पर्वत ओलांडतो. त्याची कुत्री मोल्दा नदीत बुडते, आणि नदीला व पुढे साऱ्या देशाला तिचे नाव मिळते. रानबैलाचे मुंडके राज्यचिन्ह होते. कथा देखणी आहे, अंमळ जास्तच. जनावराचा पाठलाग करत नव्या भूमीत पोहोचल्याची अशीच गोष्ट हूणांविषयी आणि मग्यारांविषयीही सांगत. तरी ती टाकून देऊ नये. बखर वाचताना वापरतो ते तारतम्य इथेही पुरते.

माझ्या मते खरी मौज रूक्ष कागदांत आहे. १३६५ साली हंगेरीचा राजा पहिला लुई याने बोग्दान नावाच्या सरदाराची मारामुरेशमधली कुहेया ही जहागीर जप्त केली आणि द्रागोशचा नातू बाल्क याला दिली. बोग्दान राजाशी बेइमान होऊन पर्वतापलीकडे गेला आणि तिथे स्वतःची सत्ता मांडून बसला, हा त्याचा गुन्हा. बाल्क तिथूनच हुसकावला गेला होता. थोडक्यात, द्रागोशच्या घराण्याने सांभाळले ते तातारांना थोपवणारे हंगेरीचे सरहद्दीवरचे ठाणे. त्याचे स्वतंत्र राज्य केले ते बोग्दानने. काळही अनुकूल होता. १३५९ मध्ये बेर्दीबेग खान मेला आणि तातारांच्या ‘सुवर्ण टोळी’त वारसाहक्काची भांडणे पेटली.

पुढचे राज्यकर्ते हंगेरी आणि पोलंड यांच्यामधून वाट काढत राहिले. पेत्रू पहिला याने १३८७ साली ल्विव येथे पोलंडचा राजा यागिएल्लो याचे मांडलिकत्व पत्करले, आणि पुढच्याच वर्षी त्याला चांदी कर्जाऊ दिली. मांडलिकाने धन्याला कर्ज द्यावे, यातच या ‘मांडलिकत्वा’चे वजन कळते.

स्तेफान महान (१४५७–१५०४) याच्या काळातल्या स्लाव्ह भाषेतील इतिवृत्तात राज्याची सुरुवात १३५९ साली, द्रागोशपासून होते. त्याच स्तेफानने रादाउत्स येथील चर्चमध्ये पूर्वजांच्या थडग्यांवर कोरीव शिळा बसवल्या. त्यांत बोग्दानही आहे. दोन्ही मूळपुरुष त्याला हवे होते.

रुमानियन भाषेतले पहिले मोठे इतिवृत्त सतराव्या शतकातले, ग्रिगोरे उरेके याचे. त्याची मूळ प्रत उरलेली नाही. जी आहे तिच्यात सिमिओन दास्कालुल याने भर घातली आहे. रोमच्या तुरुंगांतले चोर-दरोडेखोर हंगेरीच्या राजाच्या मदतीला पाठवले गेले आणि रुमानियन त्यांचे वंशज, ही गोष्ट त्यातलीच. ती वाचून मिरोन कोस्तिन इतका संतापला की मोल्दावियनांच्या उगमावर त्याने वेगळा ग्रंथच लिहायला घेतला. नवख्याने हे दोघे शेजारी ठेवून वाचावेत, आणि लुईचा हुकूम त्यांच्याही आधी.